निजेला धोंडा आणि चहाची उशी



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती. मी त्यांना उशीचा विषय कळवला. माणूस चळवळीला कंटाळून आता निजावयाला निघाला की काय, अशी शंका त्यांना आली असल्यास नवल नाही. परंतु उशीचा हा इतिहास अखेरीस आमच्या चळवळीच्या दाराशीच येऊन पोचतो. तो कसा, हे सांगण्यासाठी मी आज उभा आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनच्या कचेरीत एक सभासद आला. कारखान्यात तो पॉवर प्रेसवर काम करी. एका आठवड्यात सकाळपाळी, एका आठवड्यात रात्रपाळी, एका आठवड्यात दुपारपाळी, असे त्याचे चक्र चाले. त्याने पिशवीतून एक उशी काढून माझ्या टेबलावर ठेवली. कारखान्याच्या फाटकाबाहेर एक विक्रेता ती हप्त्याने विकत होता. आत चहाची वाळलेली पाने आणि काही सुवासिक वनस्पती भरलेल्या होत्या. ‘‘अण्णा, चीनमधले लोक हजारो वर्षे असल्या उशीवर निजतात म्हणे. दोन हप्ते भरलेत. तिसरा भरू की नको, तेवढे सांगा.’’

मी डॉक्टर नव्हे आणि वैद्यही नव्हे. माझ्या तोंडी आले ते आजीकडून ऐकलेले वाक्य, भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. तो हसला नाही. म्हणाला, ‘‘धोंड्यावर निजून पाहिले अण्णा. रात्रपाळीच्या आठवड्यात धोंड्यावरही झोप येत नाही.’’ त्या उत्तराने मी गप्प झालो. तेव्हापासून वाचनालयात जाऊन या विषयावर जे मिळेल ते मी वाचत आलो. जे हाती लागले ते आज आपणांपुढे ठेवतो.

प्रथम त्या विक्रेत्याचा दावा घेऊ. त्यातला एक भाग खरा आहे. चीनच्या हुनान प्रांतात चांगशा शहराजवळ मावांगद्वेई येथे १९७२ साली एक कबर उघडण्यात आली. दाई नावाच्या जहागिरीच्या सरदाराची पत्नी शिन चुई हिची ती कबर. इसवी सनापूर्वी १६३ च्या सुमारास ही बाई वारली, म्हणजे आपल्याकडे मौर्यांचे राज्य लयाला जाऊन थोडाच काळ लोटला होता. तिचे शव इतके चांगले टिकले होते की वैद्यकीय तपासणीत तिच्या पोटात न पचलेल्या खरबुजाच्या बियाही सापडल्या. रेशमी वस्त्रे, लाखकामाची भांडी, धुपाटणी यांच्याबरोबर तिच्यासाठी एक भरतकाम केलेली उशीही ठेवलेली होती. त्या उशीत पेइलान नावाच्या सुवासिक वनस्पतीची पाने भरलेली होती. म्हणजे वनस्पतींची उशी दोन हजार वर्षांहून अधिक जुनी आहे, याबद्दल वाद नाही.

परंतु जुने आहे एवढ्यावरून ते गुणकारी ठरत नाही. शिवाय ती उशी कोणत्या गुणासाठी केली होती, हा प्रश्न राहतोच. ली शिचेन हा चीनचा थोर वैद्य. त्याचा वनौषधींवरील महाग्रंथ १५७८ साली लिहून पुरा झाला आणि त्याच्या मृत्यूनंतर १५९६ साली छापून निघाला. त्यात एका औषधी उशीची कृती आहे. कुट्टूची टरफले, काळ्या घेवड्याची आणि मुगाची साले, आपल्या टाकळ्याच्या जातीच्या झुडपाच्या बिया आणि शेवंतीची फुले, असा तो ऐवज आहे. पावसाळ्यात टाकळ्याची भाजी खाणाऱ्या आपल्या माणसांना ही यादी परकी वाटू नये. मात्र ली शिचेनने त्या उशीचा गुण सांगितला आहे तो म्हातारपणापर्यंत दृष्टी स्वच्छ राहते, असा. झोपेचे त्यात नाव नाही. आपल्याकडे तान्ह्या मुलाला मोहरीची उशी देत, तीही डोके गोल व्हावे म्हणून. एका हेतूने केलेली वस्तू कालांतराने दुसऱ्या हेतूसाठी विकली जाते, आणि जुनेपणाचा दाखला मात्र तोच राहतो. जाहिराती वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

त्याच चीनमध्ये सुंग राजवंशाच्या काळात भाजलेल्या मातीच्या कडक, चकचकीत उशा मोठ्या प्रमाणावर होत असत. उन्हाळ्यात त्या गार लागत. आपल्या म्हणीतला धोंडा तिकडे भट्टीतून भाजून, नक्षी काढून उशाला घेत असत असे म्हटले तरी चालेल. तेव्हा झोपेला मऊ उशी हवी की कडक, सुवासिक हवी की गार, याबाबत दोन हजार वर्षांत चिनी लोकांचेही एकमत झालेले नव्हते.

सुंग काळातलाच एक कवी लू योउ. इसवी सन ११२५ ते १२१० हा त्याचा काळ. विशीत असताना त्याने शेवंतीच्या उशीवर कविता केली होती, आणि ती लोकांत बरीच पसरली होती. त्याच सुमारास त्याचे पहिले लग्न झाले होते आणि आईच्या हट्टापायी त्याला त्या पत्नीपासून दूर व्हावे लागले. पुढे त्रेसष्टाव्या वर्षी एका शरद ऋतूत त्याने पुन्हा शेवंती वेचून उशीची खोळ शिवली, तेव्हा तो जुना काळ आठवून त्याचे मन भरून आले आणि त्याने पुन्हा त्याच विषयावर लिहिले. वासाने स्मृती जागी होते, हे आपण सर्वांनी अनुभवलेले आहे. पहिल्या पावसाच्या मातीचा वास घ्या, नाहीतर आईच्या लुगड्याचा घ्या. सुगंधाचा मनावर परिणाम होत नाही असे म्हणणारा माणूस अडाणीच म्हटला पाहिजे. मात्र तो परिणाम प्रत्येक वेळी निजवणाराच असेल असे नाही. वासाने लू योउच्या मनात जे जागे केले त्याने त्याला शांत झोप लागली असेल, असे मला वाटत नाही.

आता खुद्द चहाकडे वळू. चीनमध्ये आणि जपानात चहाची कीर्ती झाली ती झोप उडवणारे पेय म्हणून. बौद्ध भिक्षू ध्यानाला बसताना डुलकी लागू नये म्हणून चहा पीत. बोधिधर्माची दंतकथा प्रसिद्ध आहे. ध्यानात झोप लागली म्हणून संतापून त्याने आपल्या पापण्या कापून टाकल्या, आणि त्या जिथे पडल्या तिथे चहाचे झुडूप उगवले! ज्या पानाच्या उत्पत्तीची कथाच जागरणाची, ते पान उशीत भरून झोप मागावयाची, हा मजेदार उलटा प्रवास आहे. तो झाला कसा, याचे एक साधे कारण काटकसरीत दिसते. चहा पिऊन झाल्यावर चोथा उरतो. तो वाळवला की हलका, खेळती हवा राहणारा, मंद वासाचा भरावा होतो. कुट्टूच्या टरफलांच्या उशा जपानात याच न्यायाने होतात. आपल्याकडे जुन्या लुगड्यांची गोधडी होते, तसाच हा संसार.

चहातले उत्तेजक द्रव्य म्हणजे कॅफीन. रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते १८१९ साली कॉफीतून वेगळे काढले, आणि चहातले द्रव्यही तेच आहे हे पुढे सिद्ध झाले. वाळलेल्या चहाच्या पानांत ते शेकडा दोन ते चार भाग असते. कडक पाण्यात बरेचसे उतरते. परंतु उशीतून ते हवेत उडत नाही. त्याची वाफ व्हावयाला पावणेदोनशे अंशांहून अधिक उष्णता लागते, आणि आपल्या डोक्यात मालकाविषयी कितीही राग असला तरी ते तितके तापत नाही. तेव्हा चहाची उशी आपल्याला जागे ठेवील, ही भीती व्यर्थ आहे. चहातल्या दुसऱ्या एखाद्या द्रव्याने ती झोप आणील, ही आशाही त्याच कारणाने व्यर्थ आहे. जे उशीतून बाहेरच येत नाही, ते शरीरात कसे शिरावे? उरतो तो फक्त वास.

युरोपात हीच गोष्ट हॉप नावाच्या वेलीची. बिअरला कडवटपणा देणारी ही वेल. तिची हिरवट, शंकूसारखी फुले वाळवून वापरतात. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याला झोप येईना, म्हणून हॉपची उशी देण्यात आली, अशी कथा वनौषधींच्या इंग्रजी पुस्तकांत फिरते, आणि तिला १७८७ हे साल जोडलेले आढळते. राजाच्या वेडाचे ते प्रसिद्ध आजारपण सुरू झाले १७८८ च्या ऑक्टोबरात, आणि १७८९ च्या आरंभी तो बरा झाला. औषध आजाराच्या आधी पोचले असे म्हणावयाचे, की साल सांगणाऱ्याचा हिशेब चुकला असे म्हणावयाचे? शिवाय त्या आजारपणात राजाच्या उशाला हॉप असेल नसेल, परंतु त्याला हातपाय बांधून टाकणारा अंगरखा घालण्यात येत असे, हे मात्र पक्के नमूद आहे. राजाला कशाने बरे वाटले हे उशीवरून ठरवणे अवघड आहे. तरीही राजाची ही कथा हॉपच्या उशीला चिकटली ती चिकटलीच.

या हॉपच्या कथेत मला सर्वांत बोलकी वाटते ती एका सालाची गोष्ट. ते साल १९३१. त्या वर्षी मॉड ग्रीव्ह या बाईंचा वनौषधींवरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. गरम हॉपच्या उशीने दातदुखी, कानदुखी कमी होते आणि बेचैन चित्त शांत होते, असे त्यात सांगितले आहे. त्याच वर्षी शरद ऋतूत जॉर्ज ऑरवेल हा लेखक केंट परगण्यात हॉप तोडणाऱ्या मजुरांत मजूर म्हणून राहिला आणि ऑक्टोबरात त्याने त्यावर लेख छापला. लंडनच्या पूर्व भागातली गरीब कुटुंबे दर हंगामाला मुलाबाळांसह हॉप तोडावयाला जात. मजुरी मापावर मिळे. वेलीच्या काटेरी देठांनी हात फाटत आणि रसाने काळे होत. राहावयाला पत्र्याच्या गोल खोल्या, दहा फूट रुंदीच्या, खिडक्यांना काचा नाहीत, आणि वारापाऊस आत येण्यास हवी तेवढी भोके. सामान म्हणून खोलीत असे तो पेंढ्याचा आणि हॉपच्या वेलींचा ढीग. त्यावरच चारचार, कुठे सातआठ माणसे निजत.

श्रोतेहो, राजाच्या उशाला जी वनस्पती मूठभर होती, ती या मजुरांच्या अंगाखाली ढिगाने होती. तिच्यात झोप आणण्याचे सामर्थ्य असते तर केंटमधले मजूर राजाहून गाढ निजले असते. प्रत्यक्षात ऑरवेल आणि त्याचे सोबती पहिला आठवडा थंडीने हैराण झाले होते. हॉप भरण्याची पोती लांबवून त्यांनी पांघरुणाला घेतली, तेव्हा कुठे ऊब आली. म्हणजे झोपेसाठी त्यांना हॉपपेक्षा हॉपचे पोते अधिक उपयोगी पडले.

हॉप तोडणाऱ्यांना लवकर गुंगी येते, हा या उशीचा जुना पुरावा म्हणून सांगितला जातो. दिवसभर उभ्याने तोडणी करणाऱ्या, रात्री पेंढ्यात कुडकुडणाऱ्या माणसाला गुंगी येते यात वनस्पतीचा चमत्कार पाहावयाचा असेल, तर ऊसतोडणी करणाऱ्यालाही उसाच्या वासाने झोप येते असे म्हणावे लागेल. तथापि शास्त्रज्ञांनी याचा नीट शोध घेतला आहे. १९८० च्या सुमारास जर्मनीतील संशोधकांना साठवलेल्या हॉपमध्ये एक उडून जाणारे द्रव्य सापडले, आणि ते उंदरांना टोचल्यावर उंदीर निजले. उंदराच्या वजनाच्या दर किलोमागे ८०० मिलिग्रॅम दिल्यावर तो आठ तास बेशुद्ध राहिला. वाळलेल्या, दोन वर्षे साठवलेल्या हॉपमध्ये हे द्रव्य जास्तीत जास्त शेकडा ०.१५ एवढे असते. आता आपण कामगारांच्या पद्धतीने हिशेब करू. साठ किलोच्या माणसाला त्याच प्रमाणात ४८ ग्रॅम लागतील, आणि तेवढ्यासाठी ३२ किलो हॉप. उंदराचे माप माणसाला जसेच्या तसे लागत नाही, आणि नुसती सुस्ती यावयाला त्याहून कमी पुरते, हे मान्य. तरी जिच्यात अर्धा किलो माल मावतो आणि जिच्यातला वास रात्रभरात खोलीभर विरून जातो, त्या उशीचा आणि या आकड्याचा मेळ बसत नाही.

मग ज्या असंख्य लोकांना अशा उशीने गुण आला ते सारे खोटे बोलतात काय? मुळीच नाही. तिसऱ्या जॉर्जच्याच काळातली एक हकीगत यावर चांगला प्रकाश टाकते. अमेरिकेतील पर्किन्स नावाच्या वैद्याने १७९६ साली दोन धातूंच्या सळयांचे पेटंट घेतले. त्या दुखऱ्या भागावरून ओढल्या की दुखणे जाते असा दावा होता, आणि लंडनमध्ये सळयांची जोडी पाच गिनींना विकली जाई. १७९९ साली बाथ येथे डॉ. जॉन हेगार्थ यांनी लाकडाच्या सळया करवून त्यांना धातूसारखा रंग दिला आणि संधिवाताच्या पाच रोग्यांवर त्या फिरवल्या. पाचांपैकी चौघांनी बरे वाटल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी खऱ्या धातूच्या सळया वापरल्या, तेव्हाही तोच परिणाम. हेगार्थ यांनी रोग्यांना लबाड ठरवले नाही. अपेक्षेनेही माणसाला बरे वाटते आणि दुखणे हलके होते, हे त्यांनी दाखवून दिले. प्रश्न उरतो तो एवढाच, की लाकडाने होणारे काम धातूच्या नावाखाली पाच गिनींना विकावे काय?

उशीच्या बाबतीत हेगार्थसारखा प्रयोग करणे मात्र कठीण आहे. सळई रंगवता येते, वास लपवता येत नाही. उशाला सुगंधी पान आहे की साधा कापूस, हे निजणाऱ्याला पहिल्याच श्वासात कळते. शिवाय झोप मोजावयाची कशी? हान्स बर्गर या जर्मन डॉक्टराने १९२४ साली माणसाच्या मेंदूतील विजेच्या लहरी प्रथम टिपल्या. १९५३ साली शिकागोत झोपेतल्या डोळ्यांच्या जलद हालचालींचा शोध प्रसिद्ध झाला. तेव्हापासून झोप यंत्राने मोजता येते, आणि माणूस ‘मी रात्रभर जागा होतो’ म्हणतो तेव्हा यंत्राचे म्हणणे पुष्कळदा निराळे असते, हेही कळले आहे. सुगंधावर जे प्रयोग झाले त्यांत लव्हेंडरच्या फुलांवरचे अधिक आहेत. १९९५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक टिपण आले. वृद्ध रुग्णांच्या निजेच्या गोळ्या बंद केल्यावर त्यांची झोप घटली, आणि खोलीत लव्हेंडरचा वास सोडल्यावर ती पूर्ववत झाली. ऐकावयाला छान वाटते. पण ते रुग्ण होते अवघे चार. एवढ्या पुराव्यावर आम्ही कारखान्यात कुणाची बढती तरी मागू काय?

तेव्हा माझा निवाडा असा. सुगंधी उशीने काही माणसांना मन निवल्यासारखे वाटते, आणि निवलेल्या मनाला झोप लवकर येते. वास आवडत असेल, तर तेवढा लाभ खरा. त्यापलीकडे, चहाच्या किंवा वनस्पतींच्या उशीने झोपेचा विकार बरा होतो, असे म्हणण्याजोगा पुरावा नाही. ओलसर चोथ्याला बुरशी येते, आणि दम्याच्या माणसाने ती धूळ हुंगणे बरे नव्हे. तान्ह्या मुलांना वर्षभर कसलीच उशी देऊ नये, असे आजचे डॉक्टर सांगतात. ज्यांची झोप महिनोन्महिने उडालेली आहे, त्यांच्यासाठी निजण्याउठण्याच्या सवयी आणि झोपेविषयीची धास्ती पद्धतशीरपणे बदलणारे उपचार आहेत, आणि २०१६ साली अमेरिकेतील वैद्यांच्या मोठ्या संस्थेने गोळ्यांच्या आधी तेच द्यावेत अशी शिफारस केली आहे.

इथे थांबलो असतो तर मी वाचनालयातून मिळालेली माहिती वाटून घरी गेलो असतो. परंतु माझ्या मित्राचे वाक्य अजून शिल्लक आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात धोंड्यावरही झोप येत नाही, असे तो म्हणाला होता. आपली म्हण सांगते की दमलेल्याला काहीही चालते. ही म्हण कष्टकऱ्यांनीच केली असेल, पण मालकांना ती फार सोयीची पडली. दमवा म्हणजे निजतील, निजेची निराळी सोय कशाला?

ज्या पानाची उशी झाली त्याच्या मळ्यातच पाहा. आसामात चहाच्या मळ्यांचे घड्याळ देशाच्या घड्याळापेक्षा एक तास पुढे ठेवण्याची जुनी चाल आहे. तिला बागान वेळ म्हणतात. उजेड लवकर होतो, तो वाया जाऊ नये, हा हेतू. सूर्य जिथे मालकाच्या उपयोगी पडला तिथे माणसाचे उठणे सूर्याला बांधले. उलट जिथे सूर्य आड आला, तिथे त्याला दूर सारले. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले, आणि जो दिवस सूर्यास्ताबरोबर संपत असे तो चौदापंधरा तासांपर्यंत लांबला. त्याविरुद्ध कामगारांनी कल्लोळ केला. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांचे काम बारा तासांवर आले, १९२२ साली अकरा, १९३४ साली दहा आणि १९४६ साली नऊ तासांवर. आठवड्याची सुट्टी तर त्याआधीच, १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने मिळवली होती. या साऱ्या लढ्यांना आपण कामाच्या तासांचे लढे म्हणतो. पण कामातून सोडवलेला तास माणसाने प्रथम कशात घातला असेल? झोपेत! गिरणगावच्या गाळ्यांत एका पाळीचा माणूस उठला की त्याच अंथरुणावर दुसऱ्या पाळीचा निजत असे. त्या अंथरुणात कोणते पान भरले आहे, हा प्रश्न तिथे कुणी विचारला नसेल. अंथरूण आपल्या वाट्याला किती तास येते, हा प्रश्न मात्र प्रत्येकाचा होता.

आणि केवळ तासांची बेरीज पुरत नाही, हेही आता सिद्ध झाले आहे. आपल्या शरीरात उजेडाअंधाराशी जुळलेले एक घड्याळ असते. त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रात्रभर काम करून सकाळी निजणाऱ्याचे हे घड्याळ त्याला ‘ऊठ’ म्हणत असते. म्हणून तो दमलेला असूनही चारपाच तासांत जागा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली, आणि फेरतपासणी करून पुन्हा २०१९ साली, रात्रपाळीचे काम ‘बहुधा कर्करोगजनक’ या वर्गात घातले. आमच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी प्रयोग झाला तो अमेरिकेतील युटा राज्यात, खनिजे काढणाऱ्या एका कारखान्यात. तो १९८२ साली प्रसिद्ध झाला. तेथे पाळ्या आठवड्याला आणि उलट्या क्रमाने बदलत. संशोधकांनी क्रम सुलटा केला, म्हणजे सकाळनंतर दुपार आणि दुपारनंतर रात्र. काही कामगारांची पाळी आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी बदलू लागली. त्याबरोबर कामगारांचे समाधान, प्रकृती आणि उत्पादन तिन्ही सुधारले. शरीराच्या घड्याळाला मागे सरकणे सोपे जाते, पुढे ओढणे जड जाते. उशिरा निजणे कुणालाही जमते, पण हुकुमानुसार लवकर निजून दाखवणे अवघड असते.

हे वाचून मी माझ्या मित्राला बोलावले आणि सांगितले, ‘‘तिसरा हप्ता भर किंवा भरू नकोस, पण एक वही घाल. किती वाजता पडलास, किती वाजता डोळा लागला, कधी उठलास, उशाला कोणती उशी होती आणि पाळी कोणती होती, एवढे रोज लिही.’’ त्याने ते निष्ठेने लिहिले. एक आठवडा चहाची उशी, एक आठवडा कापसाची, असे तो करी. तीन-चार महिन्यांनी वही घेऊन आम्ही बसलो. उशी बदलल्याने आकड्यांत फरक दिसेना. पाळी बदलली की मात्र रकाना एकदम आखूड होई, आणि सकाळपाळीवरून थेट रात्रपाळीवर उडी मारण्याचा जो आठवडा, तो सर्वांत वाईट असे. एका वहीने शास्त्र सिद्ध होत नाही. परंतु वही होती म्हणून पुढे एक माणूस वाचला.

त्याच वर्षी एका रात्री प्रेसवर त्याला डुलकी लागली. बोटे थोडक्यात वाचली, साचा मात्र बिघडला. व्यवस्थापनाने त्याच्यावर कामात झोपल्याचा आरोप ठेवून खातेनिहाय चौकशी लावली. चौकशीत मी त्याच्या बाजूने बसलो. अधिकाऱ्यांनी विचारले, ‘‘घरी पुरेशी झोप घेण्याची जबाबदारी कामगाराची नाही काय?’’ मी वही पुढे केली आणि म्हणालो, ‘‘साहेब, या माणसाने झोपेसाठी स्वतःच्या पगारातून हप्त्याने उशी घेतली आहे. त्याने आपल्याकडून सर्व केले. आता पाळीचा तक्ता कुणाच्या हातात आहे ते पाहू.’’ नोकरी राहिली, ताकीद मिळाली. पाळ्यांचा क्रम सुलटा व्हावयाला मात्र आणखी वर्षभर बैठका घ्याव्या लागल्या. आज तिथे सकाळ, दुपार, रात्र असा क्रम आहे आणि रात्रपाळीनंतर दोन दिवसांची उसंत आहे. सगळ्यांची झोप सोन्यासारखी झाली असे मी सांगणार नाही. रात्रपाळी ती रात्रपाळीच. पण वहीतला तो सर्वांत वाईट आठवडा उरला नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. उशी घ्यावयाची तर खुशाल घ्या, पण तिच्याकडून जे मागावयाचे नाही ते मागू नका. अंधार, शांतता, ऊब आणि सलग सातआठ तास, ही झोपेची खरी सामग्री. ती फाटकाबाहेर हप्त्याने मिळत नाही. ती कुठे अडली आहे याचा शोध प्रत्येकाने आपल्या घरात आणि कामाच्या जागी घ्यावा, आणि जिथे अडली असेल तिथे ती मागावी.

त्या उशीचे पुढे काय झाले, असे कुणी विचारील. मित्राने सगळे हप्ते फेडले आणि उशी आपल्या आईला दिली. तिला तो वास आवडतो. मी गेलो की म्हातारी सांगते, ‘‘या उशीने झोप फार छान लागते हो.’’ मी तिला लाकडी सळयांची गोष्ट अजून सांगितलेली नाही, आणि सांगणारही नाही.